चाळीस अश्वशक्तीची ऐट

२०१७ च्या अखेरीस अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात बीएमडब्ल्यूची एक एम-फाइव्ह गाडी सलग आठ तास एका वर्तुळात आडवी घसरत राहिली. या आठ तासांत तिने ३७४ किलोमीटर कापले. पेट्रोल संपत आले की दुसरी एम-फाइव्ह तशीच घसरत शेजारी यायची आणि दोन्ही गाड्या न थांबता टाकी भरली जायची. गिनेस बुकात विक्रमाची नोंद झाली, चित्रफीत जगभर फिरली आणि ६०० अश्वशक्तीचे इंजिन काय करू शकते याचा दाखला म्हणून लोकांनी ती पाहिली. त्या चित्रफितीत एक गोष्ट मात्र सहज नजरेतून सुटते. मैदान ओले होते, आणि मुद्दाम ओले ठेवलेले होते. कोरड्या डांबरावर मागचे टायर आठ तास टिकणे अशक्यच. म्हणजे एवढ्या दांडग्या इंजिनालाही हा पराक्रम करण्यासाठी आधी रस्त्याची पकड कमी करून घ्यावी लागली. ड्रिफ्टिंगचे, म्हणजे गाडी मुद्दाम आडवी घसरवत पण ताब्यात ठेवून चालवण्याचे मर्म या ओल्या मैदानात आहे. हा खेळ ताकदीचा मानला जातो. प्रत्यक्षात तो वजनाचा आणि पकडीचा आहे. तो शिकायला, समजून घ्यायला आणि परवडायला सगळ्यात योग्य गाडी कुठली, याचे उत्तर बलाढ्य गाड्यांच्या शोरूममध्ये नाही. ते इंग्लंडातल्या गॅरेजांमध्ये माणसे सुटे भाग जोडून बनवतात त्या पाच-सहाशे किलोंच्या, उघड्या, जुनाट दिसणाऱ्या दोन आसनी गाडीत आहे.

आधी घसरण्याचे शास्त्र पाहू. वळणावर गाडीला आत खेचून धरणारे बळ फक्त टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणातून येते. तळहाताएवढ्या चार ठिकाणी रबर जमिनीला टेकलेले असते, तेवढाच गाडीचा जगाशी संबंध. टायर ज्या दिशेला तोंड करून आहे आणि प्रत्यक्षात ज्या दिशेला जातो आहे, त्यात वळताना थोडा फरक पडतो. हा कोन साधारण सहा ते दहा अंशांचा असेपर्यंत पकड वाढत जाते, नंतर ती उतरू लागते. ड्रिफ्टिंग करणारा चालक मागच्या चाकांना मुद्दाम या उताराच्या बाजूला नेतो आणि तिथेच ठेवतो. त्यासाठी कुणी वळणात शिरताना हँडब्रेकला झटका देतो, कुणी क्लच दाबून एकदम सोडतो, तर कुणी आधी उलट बाजूला वळून गाडीचे वजन झुलवतो. मागचा भाग सुटला की पुढची चाके वळणाच्या उलट दिशेला फिरवायची आणि उजव्या पायाने अ‍ॅक्सिलरेटर कमी-जास्त करत तो कोन राखायचा. पाय उचलला तर वजन पुढच्या चाकांवर येते, आणि मागची चाके एकतर पुन्हा पकड धरतात किंवा गाडी गर्रकन फिरते. पाय जास्त दाबला तरी गाडी फिरते. या दोन्हींमधली जागा अरुंद असते, आणि ती ओळखायची ती कमरेने आणि हाताच्या तळव्यांनी. डोळ्यांना कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

आता वजनाचा हिशोब. वळणावर पकड सुटते तो वेग घर्षणांक, गुरुत्वाकर्षण आणि वळणाची त्रिज्या यांवर ठरतो. शाळेतले सूत्र मांडले तर वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटून जाते. मग हलक्या गाडीचा फायदा तो काय, असे कुणी विचारले तर प्रश्न रास्त आहे. पण हे सूत्र अपुरे आहे. जड, ताकदवान गाडीला तिची ताकद रस्त्यावर उतरवण्यासाठी रुंद आणि चिकट टायर द्यावेच लागतात. हलकी गाडी अरुंद, साध्या टायरवर भागवते. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर घर्षणांक १ धरला तर पकड सुटते ताशी सुमारे ५० किलोमीटरला, ०.७ धरला तर ४२ लाच. वेगातला हा फरक किरकोळ वाटतो, पण त्याला वजनाची जोड द्या. चालकासह १,९८० किलोंची गाडी ५० च्या वेगात असताना तिच्यात सुमारे १९४ किलोज्यूल ऊर्जा असते. ५२० किलोंची गाडी ४२ च्या वेगात असताना सुमारे ३६. चूक झाल्यावर कठड्याला, ब्रेकला, टायरला किंवा शेजारच्या शेताला जे काही सोसायचे आहे ते पाचव्या हिश्शाहूनही कमी. शिवाय लांब, जड गाडी एकदा स्वतःभोवती फिरू लागली की तिला थांबवायला वेळ लागतो. सगळे वजन मधोमध असलेली छोटी गाडी फिरतेही चटकन आणि आवरतेही चटकन. शिकणाऱ्याला चूक लगेच कळते आणि ती स्वस्तात पडते. विद्येला याहून जास्त काय लागते?

हे कागदी गणित नाही याचा पुरावा ड्रिफ्टिंगच्या इतिहासातच आहे. जपानमध्ये १९७० च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी नावाचा शर्यतपटू वळणाआधीच गाडी आडवी टाकून वळणातून घसरत बाहेर पडायचा. त्याच्यावर फिदा झालेल्या केइइची त्सुचियाने तीच युक्ती घाटरस्त्यांवर घोटली आणि १९८७ मध्ये ‘प्लस्पी’ या चित्रफितीतून ती जपानभर पोचवली. त्याची गाडी होती टोयोटाची एई-८६ : १,५८७ सीसीचे इंजिन, जपानी मापाने १३० अश्वशक्ती, वजन साडेनऊशे किलोंच्या आतबाहेर, मागच्या चाकांना ताकद आणि मागे साधा सरळ अ‍ॅक्सल. तिच्या काळीही ती काही फार वेगवान गाडी नव्हती. शुइची शिगेनोने १९९५ पासून ‘इनिशियल डी’ या चित्रमालिकेत टोफू पोचवणाऱ्या एका पोराच्या हाती हीच गाडी दिली, आणि मग जुन्या एई-८६ चे भाव असे चढले की ज्यांच्यासाठी ती होती त्यांनाच ती परवडेनाशी झाली. ज्या खेळाची पाळेमुळे एका स्वस्त, हलक्या, मामुली गाडीत आहेत, त्याच्या व्यावसायिक स्पर्धांत आज हजार अश्वशक्तीच्या गाड्या उतरतात. २००१ मध्ये सुरू झालेली जपानची डी-१ ग्रां प्री काय किंवा २००४ पासूनची अमेरिकेची फॉर्म्युला ड्रिफ्ट काय, तिथे घड्याळ नसते. गाडीचा मार्ग, कोन आणि डौल पाहून पंच गुण देतात. डौलाला गुण असले की धुराला भाव येतो, धुरासाठी ताकद हवी, ताकदीसाठी रुंद टायर आणि रुंद टायरची पकड तोडण्यासाठी पुन्हा ताकद. हे चक्र प्रेक्षकांच्या सोयीचे आहे, शिकणाऱ्याच्या नाही.

टोयोटाच्या अभियंत्यांनाही हे उमगलेले दिसते. एई-८६ ची वारस म्हणून २०१२ मध्ये आलेल्या ‘८६’ या गाडीला त्यांनी रुंद स्पोर्ट्स टायर न देता प्रियस या कमी पेट्रोल खाणाऱ्या कुटुंबवत्सल गाडीच्या जातीचे २१५ मिलिमीटर रुंदीचे साधे टायर दिले. समीक्षकांनी आधी नाके मुरडली, मग तिच्या प्रेमात पडले. पण ती गाडीही साडेबाराशे किलोंच्या घरात जाते. एअरबॅग, काचा वरखाली करणाऱ्या मोटारी, आवाज दाबणारे जाड अस्तर हे सगळे आले की वजन पाच-सहाशे किलोंवर आणणे आजच्या कुठल्याही मोठ्या कंपनीला अवघड जाते. इथे घरगुती गाडीचा प्रवेश होतो.

कॉलिन चॅपमन हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बांधकाम अभियांत्रिकी शिकलेला तरुण. पूल आणि इमारती यांच्या सांगाड्यातला ताण कुठून कुठे जातो हे त्याला ठाऊक होते, आणि त्याने तेच ज्ञान मोटारीला लावले. १९४८ मध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनवर हात चालवून त्याने पहिली गाडी बनवली. १९५७ मध्ये त्याच्या लोटस कंपनीने सेव्हन बाजारात आणली. बारीक नळ्यांचे त्रिकोण जुळवलेला सांगाडा, वर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, पुढे फोर्डचे १,१७२ सीसीचे साइड-व्हॉल्व्ह इंजिन. ताकद म्हणाल तर ४० अश्वशक्ती. तयार गाडीची किंमत १,०३६ पौंड, आणि सुट्या भागांच्या पेट्यांत घेतली तर ५३६. या फरकातला मोठा वाटा मजुरीचा नव्हता, कराचा होता. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर खरेदी-कर होता, सुट्या भागांवर नव्हता. अट एवढीच की सोबत जोडणीची पुस्तिका द्यायची नाही. लोटसने यावर तोडगा काढला असे सांगतात, तो असा की गाडी सुटी कशी करायची याची पुस्तिका द्यायची. गिऱ्हाईक ती शेवटच्या पानापासून वाचेल. १९७३ मध्ये ब्रिटनने मूल्यवर्धित कर आणला आणि ही पळवाट बुजली. त्याच वर्षी लोटसने सेव्हन सोडली आणि तिचे हक्क केटरहॅम कार्स या विक्रेत्याने घेतले. करातली सवलत गेल्यावर हा प्रकार संपायला हवा होता. तो संपला नाही, उलट वाढला. आजही केटरहॅम ही गाडी तयारही विकते आणि सुट्या भागांतही. लोकांना पैसे वाचवण्यापलीकडचे काहीतरी मिळत होते, याला एवढा पुरावा पुरे.

१९९६ मध्ये रॉन चॅम्पियन या शिक्षकाने आणखी पुढची मजल मारली. २५० पौंडांत स्पोर्ट्स कार बनवा, असे जाहीर आव्हान देणारे त्याचे पुस्तक आले आणि ‘लोकॉस्ट’ हा प्रकार जन्माला आला. कृती अशी : भंगारात निघालेली मागच्या चाकांवर चालणारी फोर्ड एस्कॉर्ट आणायची, तिचे इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल, स्टिअरिंग काढून घ्यायचे, आणि सांगाडा स्वतः घडवायचा. त्यासाठी लागतो एक इंची चौकोनी लोखंडी पाइप, जाडी १.६ मिलिमीटर, आपल्याकडे खिडकीच्या ग्रिलवाल्याच्या दुकानात उभा असतो त्याच घरातला. खरी कसोटी वेल्डिंगची. जाड सपाट फळीवर खुणा आखून पाइप कापून मांडायचे आणि आधी प्रत्येक सांध्याला फक्त टाके मारायचे. एक कोपरा पूर्ण वेल्ड करून मग दुसऱ्याकडे वळले की तापलेले लोखंड थंड होताना आखडते आणि सांगाडा पिळवटतो. तो पीळ पुढे जन्मभर गाडीला एका बाजूला ओढत राहतो. म्हणून सगळा सांगाडा टाक्यांवर उभा करायचा, कर्ण मोजायचे आणि मग आलटून पालटून समोरासमोरचे सांधे भरायचे. गाडी उभी राहिल्यावर चारही चाकांखाली चार वजनकाटे ठेवतात आणि चालकाच्या जागी त्याच्या वजनाइतकी पोती. स्प्रिंगच्या बैठका वर-खाली फिरवत कर्णावरच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतले वजन जुळवायचे. पाचशे किलोंच्या गाडीत एकटा चालकच सातवा हिस्सा वजनाचा असतो, त्यामुळे तो बसला की गाडीचा तोल बदलतो. हे ज्याने एकदा जुळवले आहे, त्याला उजव्या वळणात मागचा भाग डावीकडच्यापेक्षा लवकर का सुटतो हे कुणी सांगावे लागत नाही. त्याला कुठला बोल्ट फिरवायचा तेही माहीत असते. गाडी बनवणे आणि घसरवणे या एकाच शिक्षणाच्या दोन इयत्ता आहेत, असे मी म्हणतो ते यासाठी.

२०२१ मध्ये केटरहॅमने आणलेली सेव्हन-१७० ही या विचाराची अगदी सोललेली आवृत्ती. सुझुकीचे ६६० सीसीचे तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन, ८४ अश्वशक्ती, वजन ४४० किलो, टायर १५५ मिलिमीटर रुंद. म्हणजे आपल्याकडच्या छोट्या हॅचबॅकला असतात तेवढे. मागचा सरळ अ‍ॅक्सलही सुझुकीचाच. जपानच्या छोट्या गाड्यांच्या नियमात बसावी म्हणून तिची रुंदीही दीड मीटरच्या आत ठेवली आहे. ओल्या मैदानावर ही गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, सायकलस्वारालाही अचाट वाटणार नाही अशा वेगात, आडवी होते.

आक्षेप बरेच आहेत आणि सगळेच फेटाळण्यासारखे नाहीत. पहिला, हलकेपणा आणि ठिसूळपणा यांत अंतर किती? चॅपमनच्याच कारकिर्दीवर हा डाग आहे. १९६० मध्ये बेल्जियमच्या स्पा सर्किटवर सरावात स्टर्लिंग मॉसच्या लोटसचे मागचे चाक निखळले आणि तो जबर जखमी झाला. १९७० मध्ये मॉन्झाला योखेन रिंटच्या लोटसचा ब्रेकचा दांडा तुटला आणि तो गेला. रस्त्यावरच्या सेव्हनला एअरबॅग नाही, बाजूला आघात झेलणारे दार नाही. ट्रकशी टक्कर झाली तर ५२० किलोंची गाडी हरणारच, यात वाद नाही. माझे म्हणणे एवढेच की रोजच्या वाहनाची सुरक्षितता आणि बंद मैदानावर शिकण्याच्या साधनाची सुरक्षितता या वेगळ्या मोजायच्या गोष्टी आहेत. मैदानावर समोरून ट्रक येत नाही. तिथे धोका असतो तो स्वतःच्या वेगाचा आणि वजनाचा, आणि तो हलक्या गाडीत कमी असतो. चांगला रोल केज, शर्यतीचा पट्टा आणि हेल्मेट यांना पर्याय मात्र नाही.

दुसरा आक्षेप जाणकारांचा. सेव्हनच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर सव्वादोन मीटरच्या आत. एई-८६ चे २.४ मीटर, निसानच्या सिल्व्हियाचे त्याहून जास्त. आखूड गाडी पटकन गिरकी घेते, आणि सेव्हनची पुढची चाके फार वळतही नाहीत, त्यामुळे मोठा कोन राखता येत नाही. हे खरे आहे. स्पर्धा जिंकायची असेल तर लांब गाडी आणि बदललेले स्टिअरिंग हवेच. फॉर्म्युला ड्रिफ्टमध्ये सेव्हन घेऊन जाणाऱ्याची कीव करावी. पण मोठा कोन हे स्पर्धेचे माप आहे. पकड सुटण्याच्या काठावर छोट्या कोनात गाडी धरून ठेवणे हे मुळाक्षर, आणि ते इथे स्वच्छ वाचता येते. ब्रिटनमध्ये याच गाड्यांवर ड्रिफ्टिंगचे धडे दिले जातात ते उगाच नाही.

तिसरा आक्षेप सर्वसामान्यांचा, आणि मला तोच सगळ्यात वजनदार वाटतो : हा हुल्लडबाजीचा खेळ आहे, टायरची नासाडी आहे. जपानचे घाट हे खरोखरच बेकायदा शर्यतींचे अड्डे होते, आणि ताम्हिणी किंवा आंबोली घाटात त्याची नक्कल करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याखाली आत टाकावे, दयामाया दाखवू नये. पण त्याच ताकाहाशी आणि त्सुचियाने अकिरा इइदाच्या साथीने १९९५ मध्ये ल मां या २४ तासांच्या शर्यतीत होंडा एनएसएक्स घेऊन आपल्या गटात पहिला क्रमांक पटकावला. चोवीस तास गाडी जपून, टायर राखून पळवण्याची ती परीक्षा. घसरणीचे जनक त्या परीक्षेत पहिले आले, याचा अर्थ गाडी कुठे सुटते हे ज्याला नेमके कळते त्यालाच ती न सोडता कशी चालवावी हेही कळते. टायरच्या नासाडीचे म्हणाल तर ती दोन टनांच्या गाडीची. ओल्या जमिनीवर अरुंद टायरची हलकी गाडी फारसे रबर खात नाही.

आपल्याकडे हे शक्य आहे का? झालेले आहे. अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने सेव्हनच्याच धर्तीवर फायबरग्लासच्या अंगाची रोडस्टर बनवली. तिच्यात बसवले होते अ‍ॅम्बेसेडरमध्ये येणारे इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन. आज भाग शोधायचे तर मारुती ईको समोरच उभी आहे : मागच्या चाकांना ताकद, मागे सरळ अ‍ॅक्सल, पेट्रोलवर सुमारे ८० अश्वशक्ती. शाळेची मुले आणि भाजीचे क्रेट वाहणाऱ्या या गाडीचा ऐवज केटरहॅमच्या सेव्हन-१७० पासून फार दूर नाही. हातांचीही वाण नाही. ‘फॉर्म्युला भारत’साठी देशभरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांची पोरे दरवर्षी नळ्यांचे सांगाडे स्वतः वेल्ड करतात आणि कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर पळवतात.

अडते ते कागदावर. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी पक्के केले. नवी गाडी म्हणून नोंदवायची तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६ व्या नियमाप्रमाणे नमुना गाडी चाचणी संस्थेकडून मंजूर करून घ्यावी लागते. हा नियम वर्षाला हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यासाठी आहे; एकच गाडी बनवणाऱ्याला तो खर्च झेपणे शक्य नाही. ब्रिटनमध्ये २००९ पासून एकेका गाडीची तपासणी करून मान्यता देणारी वेगळी व्यवस्था आहे. निरीक्षक ब्रेक, दिवे, धूर, आवाज, पट्ट्याचे आधार आणि बाहेर आलेल्या प्रत्येक कडेची गोलाईसुद्धा तपासतो, आणि नापास झालेला माणूस दुरुस्ती करून पुन्हा येतो. तशी तपासणी इथे करायची ठरवली तर त्या नियमात नावे असलेल्या संस्थांपैकी तीन महाराष्ट्रातच आहेत : पुण्यातल्या एआरएआय आणि सीआयआरटी, आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. तोवर मात्र घरी बनवलेल्या गाडीला आरटीओचे पासिंग मिळणार नाही. ती ट्रेलरवर किंवा टेम्पोत घालून मैदानावर न्यायची, आणि तिथेच चालवायची. ड्रिफ्टिंग शिकायला मैदानाबाहेरचा रस्ता लागतही नाही.